चोराला माफी देणारं रॉक्सी

कोलकात्याच्या एस्प्लनेड भागात, चौरंगी प्लेसमधल्या रॉक्सी थिएटरात 1943 मध्ये ‘किस्मत’ लागला आणि तीन वर्षांहून अधिक काळ उतरलाच नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट; दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. अशोक कुमारने रंगवलेला शेखर पाकीटमार आहे. तुरुंगातून सुटल्या सुटल्या तो दुसऱ्या चोराने मारलेलं घड्याळ लांबवतो. मग सभ्य भाडेकरू बनून पायाने अधू झालेल्या राणीच्या घरी राहतो आणि तिच्यासाठी पुन्हा चोरी करतो.

नायकच गुन्हेगार, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पण बाहेरचं शहर बघा. डिसेंबर 1942 मध्ये कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले होते. पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. खेड्यांतून आलेली माणसं दारोदार भाताची पेज मागत होती आणि साठेबाज तांदूळ दाबून बसले होते. अशा शहराला पडद्यावरचा दिलदार चोर प्रतिष्ठितांपेक्षा स्वच्छ वाटला असेल, तर नवल नाही.

चित्रपटाने स्वतःही एक हातचलाखी केली. कवी प्रदीप यांच्या देशभक्तिपर गाण्यात जर्मन आणि जपानी शत्रूंचं नाव होतं, म्हणून ते ब्रिटिश सेन्सॉरमधून सुटलं. प्रेक्षकांना खरा रोख कुणावर आहे, हे बरोबर कळलं.

हॉलिवूडमधल्या ठगाचं नशीब मात्र वेगळं होतं. 1946 मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. त्या प्रकारातला ठगांवरचा अस्सल नमुना म्हणजे 1947 चा ‘नाइटमेअर अ‍ॅली’. टायरोन पॉवरचा स्टॅन मनकवडा असल्याचं सोंग करून शोकाकुल श्रीमंतांना लुबाडतो आणि अखेर जत्रेच्या खेळातलं जनावर होऊन बसतो. स्टुडिओने शेवट थोडा मवाळ केला, तरी त्याचं पाप धुतलं जात नाही.

शेखरला मात्र सगळं माफ होतं, कारण ज्या धनिकाला तो लुटतो, त्याचाच तो हरवलेला मुलगा निघतो. सावज म्हणजे बापच. मग तक्रार करणार कोण? पुढे ‘बाजी’ (1951) आणि ‘जाल’ (1952) मध्ये गुरुदत्त यांनी न्वारच्या सावल्या हिंदी पडद्यावर आणल्या, पण नायकाला सुधारण्याची वाट तिथेही मोकळीच राहिली. आपल्या सिनेमाने ठगाला जीव लावला. लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट तो क्वचितच सांगत बसला. ‘किस्मत’ पाहाल तेव्हा त्या माणसाकडेही जरा लक्ष द्या.