लावणीनंतरचा ताप

आमच्या फणसवाडीत कोकणातली बिऱ्हाडं पुष्कळ. गिरगावात कितीही वर्षं काढली तरी जुलैत लावणीला नाहीतर गणपतीला गावी जायचंच. तिथे अनवाणी चिखलात उतरायचं, आणि परत आल्यावर ताप आला की म्हणायचं, पाणी बदललं!

आमच्या मजल्यावरच्या काकूंनाही तसाच ताप आला. साखर जुनीच. मलेरिया, टायफॉईडच्या तपासण्या झाल्या, ताप हटेना. उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा सोनोग्राफी झाली आणि लिव्हरमध्ये गळू निघालं. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की दारूच आठवते. काकूंनी जन्मात थेंब शिवलेला नाही, पण सून बिचारी नातेवाइकांना आजाराचं नाव सांगायला कचरत होती.

लिव्हरमधलं गळू बहुधा आमांशाच्या अमिबाने नाहीतर आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंनी होतं. काकूंच्या डॉक्टरांनी सुईने पू काढून कल्चरला पाठवला, त्यात वेगळाच जंतू सापडला. आजाराचं नाव मेलिऑयडोसिस. हा जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो. पायाच्या भेगेतून, जखमेतून, कधी श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्यांना तो जास्त गाठतो. लिव्हर, प्लीहा, फुप्फुस, कुठेही गळवं करतो. माणसापासून माणसाला सहसा लागत नाही, म्हणून काकूंचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नव्हती. (ठेवलं होतं, हे सांगायला नकोच.)

आजार नवा नाही. रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. भारतातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९९१ सालची, तीही मुंबईतल्याच एका लहान मुलाची. तरी तो पटकन ओळखू येत नाही. छातीत उतरला तर टीबी वाटतो, आणि लॅबमध्येही हा जंतू कधी कधी दुसराच समजला जातो. म्हणून बायांनो, डॉक्टरांना आपणहून सांगा: साखर आहे, पावसात गावी गेले होते, चिखलात काम केलं, पायाला जखम होती. पू काढला असेल तर कल्चरला पाठवला का, रिपोर्टमध्ये काय आलं, हे विचारायला मुळीच संकोचू नका.

उपचार मात्र चिकाटीचे. आधी हॉस्पिटलात निदान दोन आठवडे शिरेतून इंजेक्शनं, गळू मोठं असेल तर आणखी जास्त. मग घरी निदान तीन महिने गोळ्या. आपली खोड अशी, की ताप उतरला की गोळ्या फडताळात जातात. नवऱ्याच्या गोळ्यांची वेळ आपण चुकवत नाही, स्वतःच्या तेवढ्या विसरतो. इथे अर्धवट सोडलं तर आजार उलटतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

गावी जाताना गमबूट न्या. गावातल्या बायका हसतील, हसू देत. पायाला भेगा असतील तर त्या आधी भरून येऊ द्या, जखम झाकून ठेवा, पाणी उकळून प्या. आणि निघण्याआधी एकदा साखर तपासून घ्या.