धुण्याची पावडर आणि जिलेटिनच्या चार वाट्या

वसतिगृहात आलेले मूल पहिल्या काही दिवसांतच आपले कपडे आपण धुवायला शिकते आणि सर्व डाग सारखे नसतात, हेही त्याच्या ध्यानात येते. धूळ सहज निघते. दुधाचा किंवा फुटलेल्या गुडघ्याच्या रक्ताचा डाग मात्र हटता हटत नाही. अशा डागांसाठी एन्झाइम, म्हणजेच विकर असलेली पावडर बाजारात मिळते. तिच्याविषयीचा दावा खरा की नुसती जाहिरात, हे प्रत्यक्ष पडताळून पाहता यावे म्हणून आम्ही विज्ञानाच्या तासाला पुढील प्रयोग करून घेतो.

विकरे ही सजीवांच्या पेशींत तयार होणारी प्रथिने होत. स्वतः खर्ची न पडता ती रासायनिक क्रियांचा वेग वाढवितात. रक्त, दूध, अंडे यांच्या डागांत प्रथिनांच्या लांब साखळ्या असतात. प्रोटिएज हे विकर या साखळ्यांचे लहान तुकडे करते व ते पाण्याबरोबर निघून जातात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९१३ च्या सुमारास प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे धुण्यासाठी वापरली. पुढे १९६० च्या दशकात साबणाच्या अल्कधर्मी पाण्यातही टिकणारी, जीवाणूंपासून मिळविलेली विकरे प्रचारात आली.

जिलेटिन हेही प्रथिनच. जनावरांची हाडे व कातडी यांतील कोलॅजेनपासून ते बनते. म्हणून डागाच्या जागी आम्ही जिलेटिन घेतो. गरम पाण्यात विरघळवून ते चार वाट्यांत सारखे ओततो आणि फ्रिजमध्ये गोठवितो. मग पहिल्या वाटीत साधे पाणी, दुसरीत विकर नसलेल्या पावडरीचे पाणी, तिसरीत विकरयुक्त पावडरीचे पाणी आणि चौथीत तेच पाणी चांगले उकळून, पूर्ण गार करून घालतो. चारही वाट्या एक दिवस एकाच जागी ठेवतो.

येथे एक अडचण येते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जिलेटिन नुसत्या उष्णतेनेही पातळ होते. मग ते विकराने पातळ झाले की उन्हाने, हे कसे ओळखावे? उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी चारही वाट्या पुन्हा फ्रिजमध्ये ठेवाव्यात. उष्णतेने वितळलेले जिलेटिन पुन्हा गोठते. साखळ्याच तुटलेल्या असतील तर ते पातळच राहते. तिसऱ्या वाटीतील जिलेटिन पातळ राहिले आणि उरलेल्या तिन्हींतील गोठले, तर ते काम विकराचेच, असे म्हणता येते. चौथी वाटी आणखी एक गोष्ट सांगते: उकळल्याने विकराची घडण मोडते व त्याचे कार्य थांबते.

तिसरी वाटी एकटी ठेवली असती, तर काहीच सिद्ध झाले नसते. उरलेल्या तीन वाट्या शेजारी आहेत, म्हणूनच तिच्या साक्षीला वजन आहे. कोणताही दावा कानी आला की ‘तुलना कशाशी केली?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी, हा आमचा खरा हेतू आहे.

घरी उपयोगी पडणाऱ्या गोष्टीही यातून उमगतात. रक्ताचा डाग आधी गार पाण्याने धुवावा. गरम पाण्याने त्यातील प्रथिन, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखे, घट्ट होऊन धाग्यांत बसते. विकराला वेळ लागतो, म्हणून कपडा काही काळ भिजत ठेवावा. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिने असल्याने त्यांना अशी पावडर लावू नये. पावडर उधळू नये. विकरांच्या धुळीमुळे पूर्वी कारखान्यांतील कामगारांना दमा जडल्याचे १९६९ मध्ये उघडकीस आले व त्यानंतर विकरांचे दाणे वेष्टित करण्याची पद्धत रूढ झाली.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी मुलांसमवेत अवश्य करावा. साहित्य स्वयंपाकघरात मावण्याइतके आहे. वाट्या मात्र चारच घ्याव्यात, एक नव्हे.