बहुपॉलिपता, कुलागत
बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) श्लेष्मकलेवर शेकडो, प्रसंगी हजारो, पॉलिप म्हणजे पोकळीत डोकावणाऱ्या गाठीसारख्या वाढी उत्पन्न करणारा आनुवंशिक विकार. पॉलिप बहुधा कुमारवयात दिसू लागतात व आरंभी निरुपद्रवी असतात. परंतु उपचार न झाल्यास जवळजवळ प्रत्येक रुग्णात, सामान्यतः चाळिशीच्या सुमारास, त्यांपैकी एखाद्याचा कर्करोग होतो. पाचव्या गुणसूत्रावरील एपीसी या जनुकातील दोष हे याचे कारण असल्याचे १९९१ मध्ये सिद्ध झाले. दोष प्रभावी असल्याने रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या आईवडिलांत मात्र तो आढळत नाही.

निरोगी बृहदांत्रात श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) थर असंख्य सूक्ष्मजंतूंना पेशींपासून दूर ठेवतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या विकाराच्या रुग्णांच्या श्लेष्मकलेवर सूक्ष्मजंतूंचे चिकट थर ठिकठिकाणी आढळले. त्यांत एश्चेरिकिया कोलाय व बॅक्टेरॉइडीज फ्रॅजिलिस या दोन जाती प्रामुख्याने होत्या. दोन्ही एरवीही माणसाच्या आतड्यात राहतात. घातक ठरतात ते त्यांचे विशिष्ट विषोत्पादक प्रकार. या प्रकारांची जनुके निरोगी व्यक्तींपेक्षा रुग्णांत अधिक वेळा सापडली. फ्रॅजिलिसमुळे श्लेष्म्याचा थर झिजतो व शोथ (दाह) वाढतो. त्यामुळे कोलायला पेशींपर्यंत वाट मिळते आणि त्याचे कोलिबॅक्टिन हे विष पेशींतील डीएनएला इजा करते. कर्करोगप्रवण उंदरांत यांपैकी एकच जाती सोडली असता अर्बुदे थोडी झाली. दोन्ही एकत्र सोडल्यावर ती पुष्कळ झाली आणि उंदीर लवकर दगावले. सूक्ष्मजंतूंचा बिघडलेला समतोल हा रोगाचा केवळ परिणाम नसून रोग पुढे रेटणारा घटकही असावा, असे यावरून दिसते.

तथापि मूळ दोष जनुकातच आहे. एपीसीचा दोष असलेल्या उंदरांना पूर्णतः जंतुरहित वातावरणात वाढविले तरी त्यांना अर्बुदे होतातच. म्हणून प्रतिजैविके वा दह्यासारखे आंबविलेले पदार्थ हा या विकारावरील उपाय नव्हे. रुग्णाच्या मुलांची व भावंडांची जनुकीय तपासणी, दोष आढळल्यास साधारण दहाव्या ते बाराव्या वर्षापासून बृहदांत्राची नियमित दुर्बिणीद्वारे तपासणी आणि पॉलिप वाढल्यावर कर्करोग होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने बृहदांत्र काढून टाकणे हाच प्रस्थापित मार्ग आहे. शस्त्रक्रियेनंतरही गुदाशयाचा राहिलेला भाग व ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) यांवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते, कारण तेथेही पॉलिप उद्भवतात.