रस्त्यावरून गाड्या न्यायच्या की माणसे?

संध्याकाळी सातची वेळ आहे आणि तुम्ही वाशीच्या सेक्टर १७ मध्ये पदपथावर उभे आहात असे समजा. समोर मोटारींची रांग लागली आहे. रांगेच्या मध्येच नवी मुंबई परिवहनची एक बस अडकली आहे. बसमध्ये बसायला जागा नाही, वीसएक उतारू उभे आहेत. तिच्या पुढच्या मोटारीत मात्र एकच माणूस आहे, त्याच्या पुढच्या मोटारीत दोन. सर्वांनाच घरी जायचे आहे आणि कोणीच हलत नाही. बसमधला एखादा उतारू म्हणतो, "रस्ताच अरुंद आहे!" मोटारीतले गृहस्थ म्हणतात, "या बसगाड्याच सगळा रस्ता अडवतात!"

यांपैकी खरे कोणाचे? भांडण करून याचे उत्तर मिळणार नाही. पण कागद-पेन्सिल घेतली तर मिळेल. त्यासाठी लागणारे गणित तुम्हांला येते.

कोण किती जागा घेतो?

साधी मोटार सुमारे ४ मीटर लांब असते आणि शहरातली मोठी बस सुमारे १२ मीटर. म्हणजे बस तीन मोटारींएवढी जागा घेते. रस्त्यांचे आराखडे करणारे अभियंतेही साधारणपणे एक बस म्हणजे तीन मोटारी असाच हिशेब धरतात. तेव्हा मोटारीतल्या गृहस्थांचे म्हणणे वरवर पाहता बरोबर वाटते.

परंतु धावत्या गाडीला केवळ तिच्या लांबीएवढी जागा पुरत नाही. पुढची गाडी एकाएकी थांबली तर आपल्याला ब्रेक लावायला वेळ मिळावा म्हणून मध्ये अंतर सोडावे लागते. हे अंतर निदान दोन सेकंदांच्या प्रवासाएवढे असावे असे मानतात. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, दोन सेकंदांत झाले सुमारे १७ मीटर. तेव्हा धावत्या मोटारीला ४ + १७ = २१ मीटर रस्ता लागतो आणि बसला १२ + १७ = २९ मीटर.

आता माणसे मोजू. गर्दीच्या वेळी बसमध्ये ६० उतारू आहेत असे धरा. दोन मोटारींत मिळून तीन माणसे, म्हणजे मोटारीमागे सरासरी दीड माणूस धरू. तर ६० माणसांना ४० मोटारी लागतील. त्यांना रस्ता लागेल ४० × २१ = ८४० मीटर. तीच ६० माणसे बसमधून गेली तर २९ मीटर पुरतात!

हाच हिशेब तासाचा करून पाहा. सेकंदाला ८.३ मीटर वेगाने २१ मीटरचे अंतर सुमारे अडीच सेकंदांत संपते. म्हणजे एका मार्गिकेतून, मध्ये सिग्नल नसताना, तासाला जास्तीत जास्त १४४० मोटारी, अर्थात २१६० माणसे जातील. त्याच मार्गिकेतून दर मिनिटाला फक्त एक बस सोडली तरी तासाला ३६०० माणसे जातात आणि मार्गिका बराच वेळ मोकळीच दिसते. म्हणूनच बसचा मार्ग मोकळा दिसला की लोकांना वाटते, जागा वाया जाते आहे. खरी गोष्ट नेमकी उलट असते.

आपल्याकडे रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षाही असतात. दुचाकी मोटारीपेक्षा कितीतरी कमी जागा घेते, हे ध्यानात ठेवायला हवे. पण बसशी तुलना केली तर तीही मागेच पडते.

अकरातली एकच मोटार

कोंडी होते म्हणजे रस्त्यावर दुप्पट-तिप्पट गाड्या येतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. एक उदाहरण घेऊ.

एका चौकातला सिग्नल दर दोन मिनिटांनी फिरतो आणि आपल्या बाजूला ४० सेकंद हिरवा दिवा मिळतो. दर दोन सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे एका फेरीत २० मोटारी. दर फेरीला १८ मोटारी येत असतील तर सगळ्या निघून जातात. आता १८ च्या जागी २२ येऊ लागल्या. दर फेरीला २ मोटारी मागे राहतील. अर्ध्या तासात १५ फेऱ्या होतात, तेव्हा ३० मोटारींची रांग साचेल. थांबलेल्या मोटारीला मोकळ्या अंतरासह ६ मीटर लागतात असे धरले, तर ही रांग १८० मीटर होईल. ती मागच्या चौकापर्यंत पोचली की तिथली आडवी वाहतूकही अडते. मग ज्यांना या चौकात यायचेच नाही तेही अडकतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासानंतर मोटारी पुन्हा १८ वर आल्या, तरी दर फेरीला शिलकीतल्या दोनच मोटारी कमी होतील. ३० मोटारींची रांग संपायला आणखी अर्धा तास लागेल! गर्दी ओसरली तरी कोंडी का सुटत नाही, त्याचे कारण हे.

पण याच गणितात एक आशाही आहे. २२ मोटारींतल्या फक्त दोन कमी झाल्या असत्या, म्हणजे अकरांतली एक, तर रांग साचलीच नसती. शाळांना सुट्टी लागली की सकाळचे रस्ते एकदम मोकळे वाटतात, हे तुमच्याही लक्षात आले असेल.

कारणावाचून कोंडी

काही वेळा पुढे सिग्नल नसतो, अपघात नसतो, तरी गाड्या थबकतात. जपानमधील युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक प्रयोग केला व तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी ठेवल्या आणि चालकांना सारख्या वेगाने चालवायला सांगितले. थोड्याच वेळात कोणीतरी किंचित हळू झाला, मागचा त्याहून हळू झाला, त्याच्या मागचा तर थांबलाच. कोंडीची एक लाट तयार झाली. मोटारी पुढे जात होत्या आणि लाट मात्र उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत होती. रस्ता गच्च भरला की छोटीशी चूकही मागे जाता जाता मोठी होते, असे यावरून दिसते.

बसचे दुष्टचक्र

आता आपल्या बसकडे वळू. समजा, एका मार्गावर १० बसगाड्या आहेत आणि जाऊन-येऊन एका फेरीला ६० मिनिटे लागतात. तर थांब्यावर दर ६ मिनिटांनी बस मिळेल. कोंडीमुळे हीच फेरी ९० मिनिटांची झाली. बसगाड्या तेवढ्याच, चालक-वाहक तेवढेच, पण आता बस दर ९ मिनिटांनी मिळेल. तासाला १० बसगाड्या जात होत्या, त्या सात-साडेसहावर आल्या. साहजिकच प्रत्येक बसमध्ये गर्दी वाढली.

बस उशिरा येते, आली तर पाय ठेवायला जागा नाही. मग ज्याला परवडते तो स्कूटर किंवा मोटार घेतो. तो रस्त्यावर आला की कोंडी आणखी वाढते आणि बसला आणखी उशीर होतो. शिवाय उतारू घटल्याने परिवहन सेवेचे उत्पन्न घटते आणि नवीन बसगाड्या घेणे अवघड होते. या चक्रात सर्वांत जास्त भरडला जातो तो ज्याला मोटार परवडतच नाही असा उतारू. त्याने कोंडी केलेली नसते, पण ती सोसतो मात्र तोच.

मग रस्ता रुंद का करू नये?

काही ठिकाणी तो करावाही लागतो. पण त्याचा परिणाम कायम टिकत नाही. रस्ता मोकळा झाला की जे आधी आगगाडीने जात, वेगळ्या वेळी निघत किंवा निघतच नसत, तेही मोटार बाहेर काढतात. अमेरिकेतील अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच हे दाखवून दिले होते. ठाण्याच्या खाडीवरचेच उदाहरण घ्या. वाशीचा पहिला रस्तापूल १९७३ साली झाला, दुसरा १९९७ साली, आणि २०२४ पासून तिसऱ्याचा वापर सुरू झाला. अर्थात मधल्या काळात वस्तीही खूप वाढली, हे विसरून चालणार नाही.

शिवाय मोटार धावते त्यापेक्षा उभीच जास्त असते. दिवसातून दोन तास ती चालली तर बावीस तास उभी असते. उभे राहायला तिला सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. एखाद्या लहान खोलीएवढीच की ही! रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या की चार मार्गिकांचा रस्ता दोनच मार्गिकांचा उरतो. एवढ्या खर्चाने केलेला रस्ता गाड्या उभ्या करण्याचे पटांगण होऊन बसतो.

नवी मुंबईचा मूळ विचार

ही गोष्ट नवी मुंबईत विशेष विचार करण्यासारखी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. एकच मोठे केंद्र न करता वाशी, नेरूळ, बेलापूर अशी अनेक उपनगरे करावीत, घर आणि काम जवळ असावे आणि लोकांनी मुख्यत्वे सार्वजनिक वाहनांनी ये-जा करावी, असा तो विचार होता. रेल्वे मात्र वाशीला पोचली १९९२ साली. महापालिकेची बससेवा १९९६ साली सुरू झाली आणि बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ साली. लोक आधी आले, वाहने मागून आली. मधल्या काळात ज्याने त्याने आपापली सोय पाहिली.

इतरांनी काय केले?

सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात सकाळी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले. लंडनने तसेच २००३ साली केले. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बसगाड्यांसाठी वेगळे रस्ते राखले. आपल्याकडे पुण्यात २००६ साली आणि अहमदाबादेत २००९ साली बसचे स्वतंत्र मार्ग सुरू झाले. मात्र नुसता पट्टा आखून भागत नाही. त्यात इतर गाड्या शिरल्या तर तो पुन्हा नेहमीचा रस्ताच होतो. शुल्क घ्यायचे तर त्याआधी चांगली बस हवी, नाहीतर माणसाला दुसरा मार्गच उरत नाही.

तुम्ही करून पाहा

शिक्षकांच्या सोबतीने गर्दीच्या वेळी एखाद्या रस्त्यावर, पदपथावर सुरक्षित जागी १५ मिनिटे उभे राहा. दोघांनी गाड्या मोजाव्यात आणि दोघांनी त्यांतली माणसे. बस, मोटार, रिक्षा आणि दुचाकी यांचे वेगळे रकाने करा. बसमधली माणसे नेमकी मोजता येणार नाहीत. बाके भरली असतील तर ४० आणि उभ्यांचा अंदाज, एवढे पुरे. मग दोन बेरजा करा. रस्त्याचा किती भाग कोणत्या वाहनांनी व्यापला? आणि माणसे कोणी किती नेली? बससाठी ३, मोटारीसाठी १ आणि दुचाकीसाठी अर्धा असे गुण धरा. रिक्षाला मोटारीएवढाच एक गुण द्या.

तक्ता वर्गात लावा. त्याखाली एकच प्रश्न लिहा: रस्ता सर्वांच्या पैशांनी झालेला आहे, तर हिरवा दिवा आधी कोणाला मिळावा, जास्त गाड्यांना की जास्त माणसांना? उत्तराबद्दल वर्गात वाद होईल. तो जरूर होऊ द्या. मात्र प्रत्येकाने तक्त्यातला आकडा दाखवूनच बोलावे.