पाळी ‘पुढे जाते’ म्हणजे नेमकं काय होतं?

मंडळी, गणपती जवळ आले की महाड-पोलादपूरकडे दोन चौकश्या वाढतात. पहिली, चाकरमानी हायवेला कुठवर पोचले. दुसरी हळू आवाजात, औषधाच्या दुकानात: “पाळी पुढे जायची गोळी आहे का?” गोळी बहुतेकदा मिळते. ती करते काय, हे मात्र कोणी सांगत नाही. आज तेच बघू. गोळी कळली की अख्खं चक्र कळतं.

मोजायला सुरुवात रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून करायची. तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत एक चक्र. २८ हा नुसता सरासरीचा आकडा. मोठ्या बाईचं २१ ते ३५ दिवसांचं चक्र ठीक, नुकतीच पाळी आलेल्या मुलीचं ४५ दिवसांपर्यंतही चालतं.

आता पहिला टप्पा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याने बीजांडकोशात काही पुटिका, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यातली सहसा एकच पुढे जाते आणि इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. लावणीआधी आपण खाचर चिखलून तयार ठेवतो ना, तसंच.

इस्ट्रोजेन दोनेक दिवस चढं राहिलं की पिट्युटरी एकदम भरपूर एलएच सोडते. त्यानंतर साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं. ते फार तर एक दिवस जगतं.

मग तिसरा टप्पा. रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. हे संप्रेरक अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर सुमारे १४ दिवसांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं. म्हणजे पाळी येते ती संप्रेरक कमी झाल्यामुळे. हे एक वाक्य लक्षात ठेवा.

हे १४ दिवस फारसे बदलत नाहीत. आजारपण, ताण, घटलेलं वजन यांनी लांबतो तो पहिला टप्पा. बीज उशिरा सुटलं, की पाळी उशिरा.

आता गोळी. तिच्यात बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं. पाळीच्या अपेक्षित तारखेआधी साधारण तीन दिवस ती सुरू करतात. शरीराचं प्रोजेस्टेरॉन उतरतं, पण गोळी अस्तराला टेकू देते. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अस्तर सुटायला लागल्यावर गोळी घेतली, तर तिचा भरवसा नाही. आणि “घाण रक्त आत साठतं” हे खरं नाही. अस्तर सुटलेलंच नसतं, तर साठणार काय? ते रक्तही घाण नसतं.

मग काळजी कशाची? पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली, कारण न कळता अंगावर जाणारी, दिवस गेल्याची शक्यता असलेली: अशा बाईने ही गोळी घेऊ नये. अशी चार दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधकही नाही. म्हणून शेजारणीची उरलेली पट्टी नको. महाडला आणि पोलादपूरलाही सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे आधी विचारा. गोळी चालू असताना एकच पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, तर आरती होईपर्यंतही थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगायचंय. ही गोळी बरेचदा बाई स्वतःसाठी घेत नाही. मोदक कोण करणार, नैवेद्य कोण दाखवणार, या धास्तीने घेते. पाळी आलेल्या बाईने देवघरात जाऊ नये असं शरीरशास्त्रात काहीच कारण नाही. तिला गोळी घ्यायची की नाही, हे तिला ठरवू द्या.

चला, आता प्रश्न घेऊ. चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालेल, नाव नको.