दळू लागणारा देव, पाय धुणारा देव

परभणी जिल्ह्याचं नाव निघालं की मराठी वाचकाला गंगाखेड आठवतं, आणि गंगाखेड म्हटलं की जनाबाई. गोदाकाठच्या या गावच्या दासीने आपल्या देवाला काय काय कामांना जुंपलं! तो तिच्याबरोबर दळू लागतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. शास्त्रीपंडितांना हे कितपत रुचलं असेल कोण जाणे, पण मराठी माणसाने ते विनातक्रार मान्य केलं. देव घरकाम करतो यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

ख्रिस्ती श्रद्धा आणि कल्पनाशक्ती यांच्या नात्याचा आढावा घ्यायचा तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. शुभवर्तमानातला येशूही कामाचाच माणूस आहे. सुताराच्या घरात वाढलेला. अखेरच्या भोजनाच्या रात्री तो कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. पुनरुत्थानानंतर दर्शन देतो तेही कसं, तर तलावाकाठी विस्तव पेटवून, रात्रभर जाळी टाकून दमलेल्या कोळ्यांसाठी मासे भाजताना. योहानाने सांगितलेले हे दोन प्रसंग ज्या मुलखात जनाबाईचे अभंग तोंडपाठ आहेत तिथे परके वाटायचं कारणच नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की ख्रिस्ताची कथा मराठीत आणणाऱ्यांना हे उमगणार का? ज्यांना उमगलं त्यांचं लेखन आजही वाचवतं. बाकीच्यांची धर्मपत्रकं ग्रंथालयांच्या कपाटांत पडून आहेत.

सर्वांत आधी उमगलं ते एका इंग्रजाला. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी तिथेच काढली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल इथे छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण 36 अवस्वरूंचं म्हणजे अध्यायांचं, दुसरं 59 अवस्वरूंचं. ग्रंथाची जन्मकथा त्यांनी आरंभीच दिली आहे. गोव्यातल्या साष्टीतला एक धर्मांतरित ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या विरंगुळ्याला दुसरं पुराण का रचत नाही? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. या माणसाला प्रश्नोत्तरावली मिळाली होती, प्रार्थना मिळाल्या होत्या, नियम तर ढीगभर मिळाले होते. संध्याकाळी चार माणसं जमली की ऐकायला, गायला काही नव्हतं. स्टीफन्सनी ती भूक ओळखली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाच्या ओवीत आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा सांगितली. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना त्यांची लेखणी अडखळली नाही.

पण याच पोर्तुगीज राजवटीत देशी भाषांतले ग्रंथ जप्त झाले, जाळले गेले, आणि पुराण छापायला धर्मपरीक्षण न्यायालयाची परवानगी लागली, हेही विसरता येत नाही. ज्या हातांनी एक पोथी हिसकावली त्यांनीच दुसरी दिली. ‘क्रिस्तपुराणा’चं कौतुक करताना मराठी अभ्यासक मराठीच्या स्तुतीच्या त्या प्रसिद्ध ओव्यांपाशीच थांबतात आणि हा पेच ओलांडून पुढे जातात. ते मला पटत नाही. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीजांनी लोकभाषेविरुद्धच फर्मान काढलं. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत आणि गोवा-मंगळूरकडच्या गाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये होतं. ते 1925 मध्ये उजेडात आणलं जस्टिन अ‍ॅबट यांनी. हे अमेरिकन मिशनरी, आणि मराठी संतचरित्रं इंग्रजीत नेणारेही हेच!

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती लेखनाचं माप वाढलं, पण त्यात कल्पनेचा वाटा थोडा. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 मधलं, मराठी कादंबरीच्या इतिहासात पहिल्या पानावरचं. विधवांच्या हालांचं चित्रण त्यात जिवंत आहे, मात्र पदमनजी उपदेशाला लागले की कादंबरी खाली बसते. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी मुलखात, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्तीच उभी केली. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मणाने पुस्तक लिहिण्याऐवजी एक गाव कल्पिलं आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ते वसवलं. ही सर्जनशीलता साहित्याच्या इतिहासात मोजली जात नाही, पण मी ती मोजतो.

मग रेव्हरंड टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत आणि अभंगांत ख्रिस्त कुठे गुरू होतो, तर कुठे आई होतो. मिशनच्या शिस्तीत हा माणूस मावला नाही. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही त्यात जागा देणारा. दोन वर्षांत ते गेले आणि त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर अडून राहिलं.

ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेली, सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा पाच वर्षं त्याच्यापासून मनाने दूर राहिली आणि 1900 मध्ये स्वतःच्या वाटेने ख्रिस्ती झाली. तिने साठावर अध्याय रचले. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी पुरा केला आणि 1938 मध्ये ग्रंथ निघाला. तोवर लक्ष्मीबाईही नव्हत्या. लोक त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचतात, ‘ख्रिस्तायना’कडे फिरकत नाहीत. खरं तर दोन्हींमागची नजर एकच आहे. देवाधर्माच्या मोठाल्या गोष्टी माजघरात आणून बसवायच्या, आणि हसू दाबायचं नाही.

शब्दांबाहेरही हे घडत होतं. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढू लागले. त्यांची मारिया, येशूची आई, साडी नेसते. त्यांच्याच गोव्यातल्या धर्मनिष्ठांना ते खपलं नाही. युरोपीय चित्रकारांनी मारियेला आपापल्या देशाची वस्त्रं शतकानुशतकं नेसवली, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती! देवाविषयी बायबलच्या पहिल्याच पानावर कळतं ते हे, की तो घडवतो. माणूस त्याच्या प्रतिरूपाचा असेल तर घडवण्याची ओढ हीच त्या प्रतिरूपाची खूण, असं डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने 1941 मध्ये मांडलं. फोन्सेकांनी ते मांडलं नाही, करून दाखवलं.

आजचं चित्र संमिश्र आहे. 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनात नारायण सुर्वे अध्यक्ष होते. गिरणीच्या भोंग्यावर जगलेला कवी तेव्हा मराठवाड्याने मिरवला. पंचवीस वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, त्याच मराठवाड्यात उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता, तरी निवडीला विरोध झालाच. तिकडे श्रीरामपूरजवळ हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मारियेला माउली म्हणणारी ही माणसं नवसाला येतात, चालत येतात, रात्र जागवतात. साहित्य संमेलनाच्या मांडवापेक्षा कल्पनाशक्ती मला तिथे जास्त दिसते.

परभणी, जालना, बीडकडच्या खेड्यापाड्यांतला ख्रिस्ती माणूस बहुतेक दलित. त्याची श्रद्धा पेटी, टाळ, ढोलकीवरच्या भजनांत आहे. शहरांतल्या मंडळ्यांत आता कीबोर्ड आणि पडद्यावरची भाषांतरित गाणी आली. चाली आयत्या, उपमा आयत्या, आणि गाणारा त्यात पाहुणा. नवं येऊ नये असं मी म्हणत नाही. पण उधारीवर चाललेली उपासना मला स्टीफन्सच्याही मागची वाटते.

गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावांतल्या बायकांचा आवाज आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती भजनांचंही असंच काम व्हायला हवं. त्यासाठी संस्थेची वाट पाहू नये. या अंकाच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी आजोबांची भजनाची वही असेल, कुणाच्या आजीला ख्रिस्ताच्या ओव्या येत असतील, तर यंदाच्या नाताळात मोबाईल समोर ठेवून त्या गाऊन घ्या, आणि कुणी, कुठे, कोणत्या चालीवर गायल्या तेही लिहून ठेवा.