मलाशयाभोवतीच्या लसिका ग्रंथी

मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणाला मेसोरेक्टम म्हणतात. मलाशयाच्या बहुतेक लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) याच चरबीत, मुख्यतः मागच्या बाजूला, रक्तवाहिन्यांलगत असतात. कित्येक तर ५ मिलिमीटरहूनही लहान.

वरच्या भागातली लसिका रक्तवाहिन्यांच्या कडेने वर पोटातल्या ग्रंथींकडे जाते. खालच्या भागातली काही लसिका ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतींलगतच्या ग्रंथींतही जाते. गुदद्वाराजवळची मात्र जांघेत पोहोचते; म्हणून तिथल्या आजारात डॉक्टर जांघही चाचपून पाहतात.

कर्करोगाच्या पेशी याच वाटांनी पसरू शकतात. १९८२ साली इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी मलाशय मेसोरेक्टमच्या आवरणासकट अखंड काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे आजार त्याच जागी उलटण्याचे प्रमाण खूप घटले.

काढलेल्या भागातल्या किमान १२ ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात, असा संकेत आहे. रिपोर्टमध्ये तपासलेल्या आणि बाधित ग्रंथींचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. पुढचे उपचार ठरवताना ते महत्त्वाचे असतात, म्हणून डॉक्टरांकडून ते नीट समजून घ्या.